वाकणारा रॉड

टोरोंटोत सरोवराजवळ माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. काल तिथे शुभंकर आला. माझं मराठी ऐकून खूश झाला, पण त्याने मला ओळखलं नाही. हाच अलिबागला मला बघायला आला होता. तेव्हा त्याच्या आईने पोह्यांची बशी बाजूला सारून म्हटलं होतं, "मासे खाणाऱ्यांची मुलगी नको. घरभर वास सुटतो." आणि हा मान खाली घालून पोहे खात राहिला होता.

"चालत्या बोटीतून सॅमन पकडायचाय. रॉड कुठला घेऊ?"

मी मुद्दाम ताठ रॉड काढला. तो वाकत नाही, त्यामुळे हिसका बसला की मासा सुटून जातो.

"बायको बंगाली आहे," तो कौतुकाने म्हणाला. "विंटरसाठी फ्रीझर भरायचाय तिला."

"घरी आणखी कोण असतं?"

"आई. आता कायमची इकडे आलीय."

मी ताठ रॉड परत ठेवला आणि दुकानातला सगळ्यात लांब, छान वाकणारा रॉड त्याच्या हातात दिला.

"हा न्या. एकही मासा सुटायचा नाही," मी म्हणाले. "आणि तळताना खिडक्या उघडू नका हं, आईंना गारठा बाधेल."