शरीराचं वय

बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अंकुशचा आकड्यांशिवाय कशावरच विश्वास नव्हता. गेलं दीड वर्ष तो मनगटावरचं घड्याळ सांगेल तेवढं चालला, संध्याकाळी साडेसहाच्या आत जेवला, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून आला. साखर सोडली, तळलेले बोंबील सोडले. सख्ख्या भाचीच्या हळदीला अख्खं घर नाचत होतं, तेव्हाही हा नऊच्या ठोक्याला झोपून गेला.

परवा ॲपनं निकाल दिला. जन्मतारखेप्रमाणे वय एकोणपन्नास, शरीराचं वय सत्तेचाळीस.

अंकुश तडक मासवणला आईकडे गेला. ओट्यावर वाल सोलत बसलेल्या नवसीनं आधी त्याच्यापुढे चहा ठेवला. साखरेचा आहे म्हणून त्यानं कप बाजूला सारला आणि मोबाईल पुढे धरला.

"आये, दोन वर्षांनी तरुण झालो मी. हे बघ, सत्तेचाळीस."

नवसीनं वालाचे दाणे मांडून काहीतरी हिशेब केला आणि मान डोलावली.


"बरोबर सांगतंय तुजं मशीन. आमी वीटभट्टीवर जायचो, तुला कोनाकडं ठेवनार? म्हनून गुरुजींनी वय दोन वर्सं वाढवून लिवलं आनि तुला बहिनीसंगं आश्रमशाळेत घेतलं. सत्तेचाळीसच हाय तुला. घे आता चहा."