शवपेटीतला शेजारी

"रडा बाई, पण जरा बेताने," दिग्दर्शक म्हणाला. "विनोदी चित्रपट आहे आपला."

डिलियाला बेताने रडता येईना.

दृश्य साधं होतं. पेटीत मेल्याचं सोंग घेतलेला दारूवाला, त्याच्या पाठीखाली चोरून गाळलेल्या पोचीन दारूच्या बाटल्या आणि दारात झडतीला आलेला फौजदार. विधवेने असा आकांत करायचा, की फौजदार आल्या पावली परत फिरावा. कामं गावातल्याच माणसांना दिली होती. विधवा डिलिया, मेलेला शेजारचा फेस्टस. डिलियाचा खरा नवरा कोलमन रडणाऱ्यांच्या गर्दीत टोपी हातात धरून उभा होता.

तिने ऊर बडवून घेतला. फौजदार झालेल्या गावकऱ्यानेही डोळे पुसले. कोपऱ्यातली ऑनर म्हातारी छातीवर क्रूस काढत पुटपुटली, "पुरे गं पोरी, पुरे."

"कोलमन, तुझ्या मढ्यावर एवढं पाणी निघेल का रे?" मागून कुणीतरी विचारलं. गर्दी खिदळली. पेटीतला फेस्टसही हसला, म्हणून दृश्य पुन्हा घ्यावं लागलं. ती पुन्हा तशीच रडली.

कोलमन पुढे झाला. "नवरा मी आहे. पेटीत मी झोपतो."

दिग्दर्शकाला गंमत वाटली. "झोपा."

बाटल्या पाठीला टोचत होत्या. डोळे मिटून कोलमन वाट पाहत राहिला. कॅमेऱ्याच्या घरघरीशिवाय काहीच ऐकू येईना. दिग्दर्शकाने कांदा मागवला. डिलियाने तो बाजूला सारला.

"याच्यावर नाही जमायचं मला," ती सगळ्या गावादेखत म्हणाली.

फेस्टस पुन्हा पेटीत शिरला आणि टिपं पुन्हा गळू लागली.

संध्याकाळी कोलमनने चहाला हात लावला नाही.

"कधीपासून चाललंय?"

"काय?"

"त्या फेस्टसवर काळीज पिळवटून रडलीस. माझ्यासाठी थेंब नाही?"

ब्रेड कापता कापता डिलियाने मान वर केली. "जित्या माणसाला मेला समजून रडलं, की वर्षाच्या आत तो खरंच पेटीत जातो. ऑनरला विचार. तुझ्यावर कशी रडू, गाढवा?"

कोलमनने कप ओढला. मोठा घोट घेतला. मग थांबला.

"आणि फेस्टसवर?"

"तू बोटीवर गेलास की तो आपलं दार वाजवत बसतो," ब्रेडला लोणी लावत डिलिया म्हणाली. "त्याच्यावर मी अगदी मनापासून रडले."