बिनआवाजाचं इंजिन

जुन्या पिकअपमध्ये त्यानं नव्या गाडीचं फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन बसवून घेतलं, गिअरबॉक्ससकट. “साहेब, आता दारात येऊन उभे राहिलात तरी घरात कुणाला पत्ता लागणार नाही,” मेकॅनिक म्हणाला.

खरंच लागला नाही. आत धाकटी मुलगी कुणाच्या तरी खेकसण्याची हुबेहूब नक्कल करत होती, आणि त्याची आई आणि बायको पोट धरून हसत होत्या. बाहेर चपला काढता काढता तोही हसला. मग धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “हा पंखा काय भुतांसाठी फिरतोय?”

हे तो स्वतःच सकाळी म्हणाला होता.

तो आत आला तसे धाकटीनं कमरेवरचे हात खाली घेतले. बायकोनं उठून आधी पंखा बंद केला. “गाडीचा आवाजच नाही आला हो,” ती माफी मागितल्यासारखं म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीच्या तोंडाशीच लांबलचक हॉर्न वाजवतो, जरा वेळ तिथंच थांबतो आणि मग घरी येतो. शेजारी म्हणतात, नव्या इंजिनाचा तोरा आहे.

तो म्हणू देतो.