खतखत्याचं रेकॉर्डिंग

"काका, तुम्ही जरा ओटीवर बसता का?" दीपाने तिसऱ्यांदा विचारलं. काशिनाथकाकांनी "बसतंय, बसतंय" म्हटलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशीच पाट ओढला.

पेडण्याकडच्या तुये गावातलं त्यांचं घर. दीपा डिचोलीहून स्कूटरने आली होती. गोव्यात ज्या ऋतूत जे रांधतात त्यावर तिचा पॉडकास्ट होता. फणसाच्या दिवसांत फणस, श्रावणात रानभाज्या, आणि आता गणेशचवथीसाठी खतखतं, म्हणजे अनेक भाज्या एकत्र शिजवून केलेली भाजी. ऐकणारे काही हजारांनी नव्हते, पण जे होते ते एक भाग चुकला तर जाब विचारायचे.

काकांच्या बायकोने, गंगामावशीने, स्वतःहून फोन केला होता. शेजारच्या कोमलच्या मोबाइलवर तिने कारापूरच्या एका आजींचा भाग ऐकला होता. त्या आजी आता हयात नाहीत हे कळल्यावर तिने विचारलं, एकदा रेकॉर्ड केलेलं कायम राहतं ना. राहतं, असं दीपा म्हणाली. मग मावशीने सांगितलं, की हल्ली तिला विसरायला होतं. आमटीत कधी मीठ दोनदा पडतं, कधी पडतच नाही. सगळं डोक्यातून जायच्या आत निदान खतखतं कुठेतरी ठेवून द्यावं.

दीपा म्हणाली, चवथीच्या दोन दिवस आधी येते, तेव्हा बाजारात सगळ्या भाज्या असतात. मावशी ऐकेना. याच आठवड्यात ये, रविवारच्या आत. बँकेतून रजा काढून ती गुरुवारी सकाळी हजर झाली.

आणि आता प्रश्न मावशीला विचारला की उत्तर काकांचं यायचं. पेडणे-म्हापसा बसवर तीस वर्षं कंडक्टर असलेला माणूस, गप्प बसणं त्याच्या पिंडात नव्हतं. त्यात घसा बसलेला, मध्येच खोकला. दीपाने हौसेने घेतलेला नवा माइक तो खोकला अगदी इमानदारीने पकडत होता.

पण काकांना तरी किती बोल लावायचा? मावशीला खरंच काही आठवत नव्हतं. सुरणाची फोड हातात धरून ती नवऱ्याकडे बघायची. भाज्या पाच घ्यायच्या की सात? मसाल्याची तेफळं, म्हणजे तिरफळं, केव्हा घालायची? आणि लग्नानंतरच्या आपल्या पहिल्या चवथीला काय झालं होतं?

काका सांगत सुटायचे. तेफळाचं नुसतं साल घ्यायचं, बी टाकून द्यायची, हे नव्या सुनेला ठाऊक नव्हतं. तिने बियांसकट सगळं टाकलं. काकांच्या वडिलांनी एकेक बी पानाच्या कडेला ओळीने मांडत जेवण संपवलं, पण सुनेला चकार शब्द बोलले नाहीत. हे सांगताना काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशीने पाणी दिलं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला.

मावशीचे हात मात्र चुकत नव्हते. काकांचं उत्तर यायच्या आतच तेफळांची सालं टोपात पडलेली असायची. हाताची सवय सगळ्यात शेवटी जाते, असं दीपाने कुठेतरी वाचलं होतं. तिला फार वाईट वाटलं.

निघताना काका फाटकापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तिका हसू नको गो बाय. आधी अशी नाय होती. म्हयनो झालो, असा चल्लाहा. ती मदीं अडाक नको म्हणान मी बोलत होतंय. नायतर माका ह्या रेकॉर्डिंगाचा काय पडलेला नाय."

शनिवारी दुपारी दीपा खोलीचा पंखा बंद करून रेकॉर्डिंग कापायला बसली. दीड तासाच्या रेकॉर्डिंगमधून तिने काकांचा शब्द न् शब्द काढला. त्यांचं हसणं काढलं, खोकला काढला. मावशीची तुटक वाक्यं एकापुढे एक जोडली. घामाघूम होऊन उठली तेव्हा अकरा मिनिटं हाती आली होती. त्यांत मावशी कुठेच अडखळत नव्हती. तिचा मान राहिला, म्हणून दीपाला मनापासून बरं वाटलं.

तिने लगेच फोन लावला. काका कुठेही ऐकू येत नाहीत, मावशी, असं ती म्हणाली. तुम्हीच सगळं घडाघडा सांगताय, असं वाटतं.

मग मावशीने विचारलं, काढलेलं पुसून टाकलंस का. नाही, मूळ रेकॉर्डिंग सगळं तसंच आहे, दीपा म्हणाली. मावशीने मोठा श्वास सोडला.

"मगे माजा काढ," ती म्हणाली. "त्यांचा ठेव. खोकलो सुदीक ठेव."

दीपाला कळेना. खतखतं तर मावशीचं, आणि ते तिच्या डोक्यातून जायच्या आत ठेवायचं, असंच ठरलं होतं ना?

"मी कायच विसराक नाय, बाय," मावशी हळू आवाजात म्हणाली. "रेकॉर्ड करूया म्हटला तर ते बोलाचे नाय, म्हणान सोंग केलंय. सोमवारी त्यांच्या गळ्याचा ऑपरेशन हा. डॉक्टर म्हणता, मगे त्यांचो आवाज ऱ्हवाचो नाय."