बदामाची जागा

बाजाररस्त्याच्या सुशोभीकरणासाठी बोलावलेल्या बैठकीत भाजीवाल्या गोजराबाई उठल्या. “ताई, झाडं लावा, दिवे लावा, पण आधी आम्हा बायकांना संडास द्या. त्यापायी आम्ही दिवसभर पाणी पीत नाही.”

आराखडा करणाऱ्या हेमांगीने नकाशात कोपऱ्यावर स्वच्छतागृह दाखवलं. नगरसेवकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला.

उद्घाटनाला त्या जागी लाल बदामाचा सेल्फी पॉइंट झगमगत होता.

“स्वच्छतागृह कुठंय?” हेमांगीने विचारलं.

“मॅडम, लोक इथं फोटो काढणार. शेजारी घाण कशाला?” हसत नगरसेवकांनी तिच्या हाती कात्री दिली. “आराखडा तुमचा, मान तुमचा.”

हेमांगीला शिसारी आली. कात्री टाकून तिने माइक ओढला. “हे माझं नाही. यांनी बायकांना फसवलंय.”

माइक बंद केला गेला. गोजराबाईंनी भाजीची पाटी उचलली आणि थेट बदामाखाली बसकण मारली.