झंझावात, भाग दुसरा

"कसा वाटला पिक्चर, ताई?" थिएटरच्या दारातच यूट्यूबवाल्याने केतकीपुढे माईक धरला. तिच्या टी-शर्टवर सुपरहिरो झंझावात उडत होता.

पहिल्या भागात झंझावात तिच्यासारखाच अडखळत बोलायचा. शत्रू हसायचे, तो थांबायचा आणि वाक्य पुरं करूनच लढायला उतरायचा. त्याला पाहून ती वर्गात हात वर करायला शिकली होती. या भागात मध्यंतराआधीच एका यंत्राने त्याचं अडखळणं घालवलं, आणि थिएटरभर टाळ्या पडल्या.

"त्... त्यांनी त्याला ब... बरं केलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आवर की गं, बाई."

ती थांबली, पण तिने पुरं केलंच. "तो आ... आजारी कुठे होता?"

माईकवाला शांतपणे ऐकत राहिला. "एक नंबर बोललात, ताई."

संध्याकाळी व्हिडिओ आला. आईने हौसेने आवाज वाढवला.

"त्यांनी त्याला बरं केलं. तो आजारी कुठे होता?"

मधलं सगळं अडखळणं कापून टाकलं होतं. पडद्यावरची केतकी सलग बोलत होती.

"बघ, कुठेच अडखळली नाहीस," आई म्हणाली आणि तिने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला.