शुद्ध कापूस

डॉक्टरांनी फुप्फुसांचा एक्स-रे समोर धरून दम भरला, तेव्हा वेंडेलने सिगारेट सोडली आणि हाताने तार गुंडाळून, आत कापूस भरून ओढायचा व्हेप, म्हणजे वाफेची विजेवरची सिगारेट, घेतला. आता त्या तार-कापसासाठी तो दुपारपासून डेटनमधल्या लॉरेटाच्या व्हेपच्या दुकानात ठाण मांडून बसला होता. शाळेपासूनची ओळख, त्यामुळे तिला त्याला हाकलताही येईना.

पहिली तार त्याने निकेल आहे म्हणून नाकारली, दुसरी तापल्यावर वास मारेल म्हणून. मग गाडी कापसावर आली.

"ह्याला ब्लीच लावलंय का गं?"

"नाही रे बाबा. खास जपानहून आलाय, खतसुद्धा न घालता पिकवलेला. बायको करताना एवढं बघितलं असतंस, तर दोन घटस्फोट वाचले असते."

"बायको सोडता येते. हे छातीत जाणार आहे," वेंडेल गंभीरपणे म्हणाला.

शेवटी दुकानातली सगळ्यात महाग तार आणि तोच कापूस घेऊन, दोनदा साबणाने हात धुऊन त्याने तिथेच व्हेप जुळवला. मग खिशातून एक बाटली काढली आणि ज्याची वाफ ओढायची ते निळंशार पाणी त्या पांढऱ्याशुभ्र कापसावर ओतलं.

"हे रे कुठलं?" लॉरेटाने विचारलं.

 

"त्याची काळजी नको, घरचंच आहे. पहिल्या बायकोचा भाऊ गॅरेजमध्ये रंगाच्या बादलीत ढवळतो."